फाटकाबाहेर न गेलेली गाडी

ऑर्व्हिल ट्वेटनला कॉफी पाजायची असेल तर तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा विचारलं की तो म्हणतो, "नको, नको, आत्ताच घेतली." दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, "कशाला उगीच त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची पुढे ओढून म्हणतो, "बरं, तुम्ही करतच असाल तर अर्धा कप." मग चांगले दोन कप रिचवतो. उत्तर डाकोटात हॅटनच्या आसपास ज्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांत तो वाढला, तिथे लहानथोर सगळे असेच. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस तिथे हावरट ठरतो, आणि एकदाच विचारून किटली बाजूला ठेवणारी बाई कद्रू. 

लग्नाचंही त्याचं असंच झालं. मार्लिसला त्याने पहिल्यांदा विचारलं ते चर्चच्या तळघरात, दोघं मिळून कपबशा पुसत होती तेव्हा. ती म्हणाली, "बघू." गव्हाच्या कापणीत पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आई काय म्हणेल." तिसऱ्यांदा विचारलं जानेवारीत. उणे तीस अंशांची थंडी, रस्त्यात गाडी बंद पडलेली आणि हा बॉनेटखाली डोकं घालून उभा. तिथूनच त्याने विचारलं. "हो," मार्लिस गाडीतून ओरडली, "पण आधी ही चालू कर, नाहीतर लग्नापर्यंत जगतेय कोण!" त्याने गाडी चालू केली. ते त्याला येत होतं. पुढे चाळीस वर्षं त्याने तेच केलं, गावातल्या यंत्रांच्या दुकानात लोकांची कापणीयंत्रं दुरुस्त केली आणि कुणाकडे कधी काही मागितलं नाही. याचा त्याला फार अभिमान होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने दुकान सोडलं, घर विकलं आणि चौतीस फुटी मोटारघर घेतलं. नवं कोरं, अठ्ठ्याण्णव सालचं. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. मुलगी कार्ना फार्गोत नोकरीला लागली होती, तिची काळजी नव्हती. आता गाडी हेच घर. हिवाळा टेक्सासच्या खालच्या टोकाला काढायचा आणि उरलेलं वर्ष भटकायचं, असं ठरलं.

दाराच्या आतल्या बाजूला मार्लिसने देशाचा कोरा नकाशा लावला. एकेका राज्याच्या आकाराचे रंगीत स्टिकर मिळतात, ते जसजसं हिंडू तसतसे त्यावर चिकटवायचे. मोटारघरवाल्या सगळ्यांच्याच दारांवर असे नकाशे असतात, आणि त्यातले निम्मे खोटे असतात. मार्लिसचा मात्र कायदा कडक होता. ज्या राज्यात आपण या गाडीत एक रात्र झोपलो, त्याचाच स्टिकर. नुसतं ओलांडलं तर नाही. एकदा दुपारी त्यांनी तासाभरात डेलावेअर पार केलं, तेव्हा ऑर्व्हिल म्हणाला, "लाव की आता." ती म्हणाली, "झोपलो का?" चाळीस मैल पुढे गेलेली गाडी त्याने वळवली, परत डेलावेअरमध्ये आणली आणि एका पेट्रोल पंपामागे दोघं झोपली. सकाळी तिने स्टिकर लावला. स्टिकर लावायचं काम तिचं आणि गाडी चालवायचं त्याचं.

अशी एकतीस राज्यं भरली. पश्चिमेची कड तर सगळीच कोरी राहिली होती, आणि मार्लिसचा जीव अडकला होता तो ओरेगनमध्ये. तिच्या माहेरच्या स्वयंपाकघरात बियाणांच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. त्यावर ओरेगनचा समुद्र होता आणि पाण्यातून एकटाच वर आलेला काळा खडक. वर्ष संपलं तरी तिच्या आईने ते काढलं नाही, पुढची अकरा वर्षं ते तिथेच होतं. मार्लिसने लहानपणी जितकी भांडी घासली, तितकी सगळी त्या खडकाकडे बघत. टेक्सासच्या आखाताचा समुद्र तिला ऑर्व्हिलने दाखवला होता. पायाने पाणी चाचपून ती म्हणाली होती, "हा गरम आहे. आणि यात खडक कुठाय?"

दक्षिण टेक्सासात वेस्लाकोजवळ किस्काडी नावाचा मोटारघरवाल्यांचा तळ आहे. दोनशे जागा, ताडांच्या रांगा, नाचायचं सभागृह, आणि दर शनिवारी सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून करायचं जेवण. चव्वेचाळीस नंबरची जागा ट्वेटन पतिपत्नींची. तिथे ऑर्व्हिलने ग्रेपफ्रूटचं झाड लावलं आणि गाडीला लागून लाकडी पडवी बांधली. शेजारच्या जागेत आयोवाचा डेल्बर्ट क्रोग होता. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनाने चांगला.

मोटारघर तेरा वर्षांचं झालं त्या हिवाळ्यात तळाचे मालक बदलले. नव्या मालकांना जुनाट गाड्या नको होत्या. भिंतीला डाग पडतात, छपरं गळतात, बघायला आलेली नवी गिऱ्हाइकं नाक मुरडतात. त्यांनी नियम काढला की दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत येणार नाही. आधीपासून आत असलेल्यांनी घाबरू नये, त्यांची गाडी जागेवर आहे तोवर कुणी हात लावणार नाही. पण एकदा ती फाटकाबाहेर गेली की परत येताना नवी आलेली धरली जाईल. मागच्या पानावर आणखी एक ओळ होती, व्यवस्थापकाच्या परवानगीने अपवाद होऊ शकेल.

सह्या घेण्यासाठी एकेकाला कचेरीत बोलावलं. व्यवस्थापक नवीनच होती, योलांदा बारिएंतोस, इथलीच, वेस्लाकोची. घरात नऊ भावंडं. जेवणाच्या टेबलावर जो मागेल त्याला वाढलं जायचं आणि जो गप्प बसेल त्याचं पोट भरलं असं समजलं जायचं, अशा घरातली.

"तुमची किती सालची, मिस्टर ऑर्व्हिल?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग इथे सही करा. आणि कुठे जायचं असेल तर मला सांगा, मी बघते. जायचंय का कुठे यंदा?"

जायचं होतं. त्याच एप्रिलमध्ये ओरेगनला जायचं होतं. मार्लिसने रस्त्यांचं पुस्तक उघडून कुठे कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीने टिंबंही दिली होती.

"नको, नको," ऑर्व्हिल म्हणाला. "चाललंय बरं."

योलांदाने मान डोलावली, कागदावर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. ऑर्व्हिल तसाच उभा राहिला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. योलांदाने वर पाहिलं. "काही राहिलं का?"

"नाही, नाही," म्हणत तो बाहेर पडला.

बाहेर येता येता त्याने मनाशी निवाडा केला. एकदा विचारलं ते रीत म्हणून. मनापासून असतं तर तिने पुन्हा विचारलं असतं. आणि मनापासून नसेल तर लोकांना अवघड पेचात कशाला टाकायचं? घरी येऊन त्याने मार्लिसला एवढंच सांगितलं, "गाडी बाहेर नेली तर जागा जाते. मी सही करून आलोय." तिने रस्त्यांचं पुस्तक मिटलं आणि फळीवर ठेवलं.

"यंदा नाही तर पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "नवे मालक आहेत. नव्याची नवलाई ओसरली की नियम ढिला पडेल."

तिथून पुढे आठ वर्षं ती गाडी जागची हलली नाही.

ऑर्व्हिल मुळात यंत्राचा माणूस, त्याला बंद पडलेलं इंजिन बघवत नाही. म्हणून दर सोमवारी सकाळी दहाला तो चालकाच्या जागेवर बसायचा आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवायचा. मार्लिस शेजारच्या खुर्चीत येऊन बसायची, मांडीवर रस्त्यांचं पुस्तक घेऊन. समोरच्या काचेतून डेल्बर्टच्या गाडीची पाठ दिसायची. "आज कुठवर आलो?" ती विचारायची. "अमारिलो," तो म्हणायचा. पुढच्या सोमवारी, "सांता फे." अर्धा तास झाला की तो किल्ली फिरवायचा आणि मार्लिस उठून भाजी चिरायला घ्यायची. सुरुवातीला यात गंमत होती. नंतरनंतर ती नुसतीच बसायची, कुठवर आलो हे विचारायचं तिने सोडून दिलं.

डेल्बर्टची गाडी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी जुनी होती. तरी तो दर वसंतात फाटकाबाहेर जायचा आणि दर शरदात परत यायचा, जाताना भोंगा वाजवून ओरडायचा, "काय रे ऑर्व्हिल, मुळं फुटली का तुझ्या चाकांना?"

"त्याला कसं सोडतात?" मार्लिसने एकदा विचारलं.

"त्याचं तो जाणे," ऑर्व्हिल म्हणाला. "मी सही केलीय." त्याच्या हिशेबी डेल्बर्ट शब्दाला न जागणारा माणूस होता. आयोवावाले असेच, असंही तो वर म्हणाला. डेल्बर्टला दोन पावलं चालून जाऊन विचारावं हे त्याच्या मनातही आलं नाही.

उन्हाळ्यात ती दोघं त्यांच्याकडच्या दुसऱ्या, छोट्या गाडीने फार्गोला लेकीकडे जायची. तेव्हा त्याने एकदा सुचवलं, "या गाडीनेच जाऊ ओरेगनला, मोटेलात राहू." मार्लिस म्हणाली, "मोटेलात झोपून स्टिकर कसा लावू? आणि दार उघडलं की समोर काय, बर्फाचं यंत्र?" तिला आपल्या पलंगावरून उठून, आपलं दार उघडून, आपल्या कपातली कॉफी हातात घेऊन तो खडक बघायचा होता. दोघंही एकाच मातीतली. ती जरा नमली असती तर काम झालं असतं, हे खरं आहे. पण सतरा अडचणींतून वाट काढायची ती तिनेच का, हेही कुणीतरी विचारायला हवं होतं.

आठव्या वर्षी नोव्हेंबरात मार्लिस दारापाशी उभी राहून नकाशाकडे बघत होती. "ऑर्व्हिल," ती म्हणाली, "हे कोलोरॅडो वाकडं झालंय."

कोलोरॅडोच्या चारही कडा सरळ आहेत. ऑर्व्हिलने जाऊन पाहिलं. स्टिकर जिथल्या तिथे होता, पट्टीने आखल्यासारखा.

"चष्मा बदलायला झालाय तुझा," तो म्हणाला.

नदीपलीकडे मेक्सिकोत, प्रोग्रेसोला, चष्मे स्वस्त मिळतात. जाऊन एक केला. कोलोरॅडो वाकडंच राहिलं. जानेवारीत दुसरा केला. तोवर तिला पुस्तकातल्या ओळीही लाटांसारख्या दिसू लागल्या होत्या आणि शनिवारच्या जेवणात तिने लेफ्सांवर, म्हणजे बटाट्याच्या पातळ नॉर्वेजियन पोळ्यांवर, साखरेऐवजी मीठ भुरभुरवलं होतं. लोकांनी मुकाट्याने खाल्लं. मग मात्र ती दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने दिवा टाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, दोन्ही डोळ्यांचा. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. बरंचसं गेलंच आहे. तिच्या प्रकाराला औषध नाही.

परतताना गाडीत मार्लिसने त्याच्याकडे तोंड वळवलं. "तुझे कान दिसतात," ती म्हणाली. "नाक नाही दिसत. तसं फार नुकसान नाही."

तो हसला नाही. ओरेगनचं नाव तिने काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. ती चिडून काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त सोमवारी येऊन शेजारी बसली, मांडीवर पुस्तक न घेता.

त्याच सोमवारी इंजिन बंद करून तो कचेरीत गेला. टोपी हातात, मनात वाक्य तयार.

"चव्वेचाळीस नंबर सोडतोय," तो म्हणाला.

योलांदा उठूनच उभी राहिली. "का? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"नाही, नाही. मार्लिसला ओरेगनला न्यायचंय. मोटारघर घेऊन."

"मग न्या की! जागा कशाला सोडताय? जाऊन या."

"गाडी एकवीस वर्षांची आहे."

"माहितेय मला." तिने कपाटातून एक फाइल काढली आणि टेबलावर उघडली. "हे बघा. आठ वर्षांतले अर्ज. गाडीचा एक फोटो, माझी एक सही, झालं काम. एकही नाकारलेला नाही. हा तुमचा डेल्बर्ट, आठ वर्षांत आठ वेळा. ही नव्वद नंबरवाली बाई, तिची तर तुमच्यापेक्षा जुनी. मी तर तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"मग?"

ऑर्व्हिल टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. "तुम्ही एकदाच विचारलंत," तो म्हणाला.

योलांदाला काही कळेना. तेव्हा त्याला सांगावं लागलं. कॉफीचं सांगितलं, नको म्हणायची रीत सांगितली, तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबायचं असतं हे सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने बोलताना त्याच्याच कानाला ते किती खुळचट वाटलं. योलांदा खुर्चीत बसली.

"आय, मिस्टर ऑर्व्हिल," ती म्हणाली. "आमच्याकडे नको म्हणजे नको हो. पुन्हा विचारलं तर माणसाला राग येतो. दर सोमवारी तुम्ही दोघं पुढे बसायचात, मी या खिडकीतून बघायची. म्हणायची, काय सुखी माणसं आहेत बघा, कुठे जायचंच नाहीये यांना."

तिथून निघाल्यावर तो घरी गेला नाही. चकत्या ढकलायच्या शफलबोर्ड खेळाच्या पट्ट्यांजवळ एक बाक आहे, तिथे जाऊन बसला. आठ वर्षं. एकदा हो म्हणायचं होतं, किंवा दुसऱ्या दिवशी जाऊन, बाई, काल मी नको म्हणालो पण मला हवंय, इतकं सांगायचं होतं. ज्या माणसाने एका स्टिकरसाठी चाळीस मैल गाडी मागे वळवली होती, त्याला कचेरीपर्यंतची साठ पावलं मागे जाता आलं नव्हतं. कुणाकडे काही मागितलं नाही, मागितलं नाही म्हणून तो आयुष्यभर ताठ चालत आला, आणि त्या ताठ्यापायी बायकोचा समुद्र गेला. त्याला रडू आलं. ट्वेटनांच्या घरात पुरुष रडत नाहीत, म्हणून तो बराच वेळ नाक शिंकरत बसला.

हे त्याने मार्लिसला सांगितलं नाही. "परवानगी मिळाली," एवढंच म्हणाला.

पडवी उपटायला डेल्बर्ट आला. उन्हात उभं राहून सहाच्या सहा टायरना चिरा गेल्या होत्या, ते नवे बसवले. "वाटेत फोन करून जागा विचारशील ना," डेल्बर्ट म्हणाला, "तेव्हा दोन हजार दहा सालची म्हणून सांग. कोण येतंय दात मोजायला!"

"अठ्ठ्याण्णवची आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

"अरे देवा! मग झोप रस्त्यावर."

निघायच्या सकाळी योलांदा फाटकाशी येऊन उभी राहिली. गाडी जवळ आली तशी तिने हात आडवा केला. "जागा ठेवू का तुमची?" ती म्हणाली. "ठेवू का? ठेवू का जागा?" मग तीन बोटं वर केली. ऑर्व्हिलला हसावं की मान खाली घालावी कळेना. त्याने नुसती मान डोलावली. मार्लिस म्हणाली, "ही अशी काय करतेय?"

"पद्धत आहे त्यांची," तो म्हणाला.

वाटेतल्या चांगल्या तळांवर फोनमध्ये पहिला प्रश्न तोच. कुठल्या सालची? अठ्ठ्याण्णव. मग, माफ करा. तो खोटं बोलला नाही, आणि पुढे काही मागितलंही नाही. फाइलीतले सगळे अर्ज बघूनही जीभ रेटत नव्हती. मोठ्या दुकानांच्या वाहनतळांवर, ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर झोपत झोपत दोघं वर चालली. नेवाडात एका जुगारखान्यामागे झोपली. सकाळी मार्लिसने मान तिरपी करून, डोळ्याच्या कडेने रेघ शोधत शोधत नेवाडाचा स्टिकर लावला. पंधरा मिनिटं लागली. ऑर्व्हिल मध्ये पडला नाही, पण तो तिकडे बघूही शकला नाही.

ओरेगनच्या समुद्रापाशी पोहोचली तेव्हा दुपार होती. कड्यावर एक तळ होता आणि त्याच्या दारावर पाटी होती, दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या घेतल्या जात नाहीत. ऑर्व्हिलने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मग मार्लिसचा हात धरून तिला घेऊन कचेरीत गेला.

"एक विनंती आहे," तो म्हणाला. "गाडी जुनी आहे. एकवीस वर्षांची. पण गळत नाही, डाग नाही, मी स्वतः बघतो. माझ्या बायकोला समुद्र बघायचाय. तिचे डोळे चाललेत. एक रात्र द्या."

टेबलामागची बाई खिडकीतून गाडीकडे बघत राहिली. "मागच्या रांगेत देता येईल," ती म्हणाली. "तसं पुढच्या रांगेतही एक रिकामी पडलीये, समुद्राच्या अगदी तोंडावर. ती हवी का?"

"हवी," ऑर्व्हिल म्हणाला.

मार्लिसने त्याचं कोपर गच्च धरलं. "उफ दा," ती नॉर्वेजियन बायकांसारखी नवलाने पुटपुटली. "तुला ताप आलाय का?"

गाडी लावली, दार उघडलं. समोर पाणी होतं आणि पाण्यातून वर आलेला काळा खडक. कॅलेंडरवरचाच असेल असं नाही, त्या किनाऱ्यावर असे पुष्कळ आहेत. पायरीजवळ दोन खुर्च्या टाकून दोघं बसली. मार्लिसने तोंड डावीकडे केलं, मग उजवीकडे.

"कडेला पांढरं हलतंय," ती म्हणाली. "फेस असणार. मध्ये काय आहे?"

"खडक."

"कसा आहे?"

"काळा."

"ऑर्व्हिल, इतक्या लांब आलोय. नीट सांग."

त्याला नीट सांगायची सवय नव्हती. तरी त्याने सांगितलं. म्हणाला, हॅटनच्या धान्याच्या कोठाराएवढा उंच असेल. वरून पक्ष्यांनी पांढरा केलाय. खाली हिरवं शेवाळ आहे, लाट आली की झाकतं, गेली की चकाकतं. डाव्या अंगाला भोक आहे, त्यातून पलीकडचं आकाश दिसतंय. लाट त्या भोकात शिरते आणि जरा वेळाने दुसरीकडून बाहेर येते, एका दमात नाही. बोलता बोलता तो थांबला.

"योलांदाने पहिल्याच वर्षी मला विचारलं होतं," तो म्हणाला. "जायचंय का म्हणून. ती सोडणार होती. मी नको म्हणालो. ती पुन्हा विचारेल म्हणून थांबलो."

मार्लिसचं तोंड समुद्राकडेच होतं. "किती दिवस थांबलास?"

"आठ वर्षं."

"नियम होता म्हणून नव्हे?"

"नाही."

वारा होता. तिने मांडीवरची शाल ओढून घेतली. "तेव्हा मला सगळं दिसत होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू तिला हवं म्हणून सांगायला पाहिजे होतंस."

"सांगायला पाहिजे होतं."

माणसं अशा वेळी म्हणतात, जाऊ दे, आलो ना आता. ऑर्व्हिल ते ऐकायला थांबला. पण जिथे झोपलो नाही तिथला स्टिकर न लावणारी बाई ती, तिने ते म्हटलं नाही. दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली आणि आपल्या पलंगावर जाऊन झोपली.

सकाळी तिने कपाच्या काठावर बोट धरून कॉफी ओतली. मग खणातून पाकीट काढलं, ओरेगनचा तुकडा बोटांनी चाचपला आणि त्याच्यापुढे धरला.

"आज तू लाव."

एकवीस वर्षांत त्याने त्या नकाशाला हात लावला नव्हता. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या जाड बोटांनी त्याने मागचा कागद सोलला. त्याने जागा धरली, तुकडा टेकवला आणि दाबला.

"सरळ लागला का?" मार्लिसने विचारलं.

तो बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. "वाकडा लागलाय."

"असू दे," ती म्हणाली. "मला आता सगळं वाकडंच दिसतं."